६२५ मेगाहर्ट्झवर हरवलेली कडा: लॉक न होणाऱ्या एका पीएलएलचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या चिप-डिझाइन गटातलं आहे. कंपनी, ग्राहक आणि चिप यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, काही आकडे गोल केलेत. क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय. त्या गटात पीएलएलची जबाबदारी माझ्याकडे होती. पीएलएल म्हणजे फेज-लॉक्ड लूप: चिपच्या आत क्लॉक तयार करून ते बाहेरच्या संदर्भ क्लॉकशी जुळवून ठेवणारा लूप. ते जुळलं की लूप ‘लॉक’ झाला म्हणतात.

आमची चिप वेगवान सिरियल लिंकसाठी ५ गिगाहर्ट्झचं क्लॉक तयार करायची. ६५ नॅनोमीटरची प्रोसेस, १.२ व्होल्टचा पुरवठा, रिंग ऑसिलेटरचा व्हीसीओ, म्हणजे कंट्रोल व्होल्टेजनुसार फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर. आधीच्या पिढीत संदर्भ क्लॉक १५६.२५ मेगाहर्ट्झचं होतं आणि फीडबॅकमधला डिव्हायडर, म्हणजे आउटपुट भागून तुलनेसाठी मागे पाठवणारा ब्लॉक, ३२ चा. ती चिप वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. नव्या पिढीत ग्राहकाला जिटर, म्हणजे क्लॉकच्या वेळेतली डगमग, कमी हवा होता, म्हणून आम्ही संदर्भ चौपट केला, ६२५ मेगाहर्ट्झ, आणि डिव्हायडर ८ वर आणला.

हिशोब सरळ होता. पीएफडी आणि चार्ज पंप, म्हणजे दोन क्लॉकची तुलना करून लूपला दुरुस्त करणारे ब्लॉक, यांचा नॉइज आउटपुटला येताना डिव्हायडरच्या आकड्याच्या वर्गानं वाढतो. तो आकडा ३२ वरून ८ वर आला की १२ डेसिबल वाचतात. उलट बाजूनं, तुलना सेकंदाला चौपट वेळा होते, म्हणून ६ डेसिबल वाढतात. निव्वळ फायदा ६ डेसिबलचा. हा हिशोब आजही बरोबरच आहे. चूक दुसरीकडे होती: संदर्भ चौपट करताना पीएफडीचा ब्लॉक आम्ही जुन्या चिपमधून जसाच्या तसा उचलला.

पीएफडी म्हणजे फेज-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर. ज्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ४०४६ वर काम केलंय त्यांनी त्याचा भाऊबंद पाहिलाय, त्या चिपमधला दुसरा कंपॅरेटर. आतली रचना छोटी आहे. दोन डी फ्लिप-फ्लॉप, दोघांच्या डी टोकाला कायमचा १. एकाला संदर्भाची कडा, म्हणजे ० वरून १ वर जाण्याचा क्षण, क्लॉक करते, दुसऱ्याला फीडबॅकची. संदर्भाची कडा आधी आली तर ‘अप’ वर जातो, फीडबॅकची आधी आली तर ‘डाउन’. मागून येणारी कडा आली की दोन्ही आउटपुट १ होतात, अँड गेट ते पाहतं आणि दोघांना रीसेट करतं. आधी आलेल्या आणि मागून आलेल्या कडेत जेवढं अंतर, तेवढा वेळ चार्ज पंप लूप फिल्टरमध्ये, म्हणजे व्हीसीओचं कंट्रोल व्होल्टेज धरणाऱ्या कपॅसिटरमध्ये, करंट ओततो किंवा त्यातून ओढतो. या रचनेची खरी ताकद अशी की तिला ‘आधी कोण आलं’ हे लक्षात राहतं. फीडबॅक वेगात असेल तर डाउनच पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि फ्रिक्वेन्सी कितीही लांब असली तरी लूप योग्य दिशेला ओढला जातो. एक्सॉर गेटला हे जमत नाही.

आता त्या रीसेटच्या वाटेवर काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. अँड गेटच्या पुढे आमच्या स्कीमॅटिकमध्ये सहा इन्व्हर्टरची साखळी होती आणि बाजूला टीप होती: ‘डेड झोनसाठी. हात लावू नये.’

ही टीप उगाच लिहिलेली नव्हती. दोन्ही कडा जवळजवळ एकाच वेळी आल्या आणि रीसेट फार चटकन झाला, तर अप-डाउनचे पल्स इतके अरुंद होतात की चार्ज पंपाचे स्विच उघडेपर्यंत पल्स संपलेला असतो. मग छोटी फेज चूक लूपला दिसतच नाही. शून्याच्या आजूबाजूला लूपचा गेन नाहीसा होतो, आणि क्लॉकची फेज त्या पट्ट्यात इकडून तिकडे भटकत राहते. यालाच डेड झोन म्हणतात. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे रीसेटला मुद्दाम उशीर करायचा. प्रत्येक सायकलमध्ये अप आणि डाउन दोन्ही थोडा वेळ एकत्र चालू राहतात, एकमेकांना रद्द करतात, आणि छोट्यातला छोटा फरकही करंटमध्ये उतरतो. आमच्या गटाच्या अगदी पहिल्या चिपला डेड झोननं रडवलं होतं. म्हणून ज्येष्ठ डिझायनरांनी साखळी जरा उदार हातानं घातली, तीही उंच थ्रेशोल्डच्या, म्हणजे जास्त व्होल्टेजला चालू होणाऱ्या, ट्रान्झिस्टरची, कारण थोड्या जागेत जास्त उशीर मिळतो. रीसेटचा एकूण वेळ साधारण ५२० पिकोसेकंद भरायचा. १५६.२५ मेगाहर्ट्झचा कालावधी ६,४०० पिकोसेकंद असल्यामुळे कुणाला ते खटकलं नाही.

अडचण

चिप फॅबमधून, म्हणजे ती बनवणाऱ्या कारखान्यातून, परत आली. टेबलावर, खोलीच्या तापमानाला, प्रत्येक चिप लॉक झाली. फक्त लॉक व्हायला हिशोबापेक्षा दुपटीहून जास्त वेळ लागत होता. ‘फिल्टरचे कपॅसिटर मोठे आले असतील’ असं मी लॉगबुकात लिहिलं आणि पुढे गेलो. हा पहिला निर्णयबिंदू होता, आणि त्या वेळी तो निर्णय आहे हेसुद्धा मला जाणवलं नाही. मर्यादेच्या आत असलेल्या आकड्याकडे वळून कोण पाहतं?

मग थंड चेंबर. उणे ४० अंश, पुरवठा १.०८ व्होल्ट. वीसपैकी सात चिप लॉक होईनात.

चिपवर एक टेस्ट पिन होती. तिच्यावर डिव्हायडरचं आउटपुट आणखी १६ नं भागून बाहेर यायचं. लॉक झालेल्या चिपवर काउंटर ३९.०६ मेगाहर्ट्झ दाखवी. न झालेल्या चिपवर ४१.१ च्या आसपास, शेवटचे अंक सतत हलते. म्हणजे व्हीसीओ ५ ऐवजी ५.२६ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला होता. पुरवठा बंद करून पुन्हा चालू केला तरी तिथेच. पुरवठा वाढवत नेला की मध्येच कुठेतरी टुणकन लॉक व्हायचा. चेंबरचं दार उघडून जरा ऊब आत गेली तरी लॉक व्हायचा.

त्यातलं सगळ्यात अवघड वाटणारं कोडं तापमानाचं होतं. उष्णतेनं चिप मंदावते हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, मग ८५ अंशांना ठणठणीत चालणारी चिप थंडीत का अडावी?

निदान

पहिला संशय डिव्हायडरवर गेला. तो संशय कुणालाही येईल, कारण तो आजार पुस्तकी आहे. चालू होताना व्हीसीओ फार वेगात असेल आणि डिव्हायडरला तो वेग झेपला नाही, तर डिव्हायडर काही कडा गिळतो. मग फीडबॅक मंद आहे असं पीएफडीला वाटतं, तो आणखी वर ढकलतो, आणि कंट्रोल व्होल्टेज वरच्या टोकाला जाऊन चिकटतं. आमच्या चिपमध्येही चालू होताना फिल्टर पुरवठ्याच्या पातळीला ओढलेला असायचा, म्हणजे सुरुवात वरूनच. दोन दिवस आम्ही डिव्हायडरचा लेआउट चाळत बसलो.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. डिव्हायडर बिघडला असता तर व्होल्टेज टोकाला गेलं असतं. इथे ते मधेच तरंगत होतं, आणि फ्रिक्वेन्सी हव्या त्या जागेच्या जेमतेम पाच टक्के वर. तुटलेला लूप मधे तरंगत नाही. मधे तरंगायला काहीतरी दोन्ही बाजूंनी सारखं ओढत असावं लागतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या लेआउटच्या सहकारी, ज्या मोजमापाच्या फंदात सहसा पडत नाहीत, चेंबरपाशी उभ्या राहून स्पेक्ट्रम पाहत होत्या. म्हणाल्या, “हे बाजूचे कान कसले आहेत? दोन्हीकडे सारख्या अंतरावर आहेत.” मी मार्कर लावला. मधल्या रेषेपासून ३३ मेगाहर्ट्झ. फीडबॅकची फ्रिक्वेन्सी ६५८, संदर्भ ६२५. फरक ३३.

तिथे चित्र पालटलं. कंट्रोल व्होल्टेजवर दोन्ही क्लॉकच्या फरकाइतकी लहर होती. म्हणजे पीएफडी जिवंत होता, तुलना करत होता, फेज एकामागून एक पूर्ण फेरे घेत होती, आणि त्या फेऱ्यांमधून निव्वळ ओढ शून्य येत होती. जो डिटेक्टर फ्रिक्वेन्सीचा फरक हमखास ओळखतो म्हणून आपण वापरतो, तोच ३३ मेगाहर्ट्झचा फरक समोर असताना ‘मला काही म्हणायचं नाही’ असं सांगत होता.

पुढचा प्रयोग लगेच सुचला. टेस्ट रजिस्टरमधून कंट्रोल व्होल्टेज जमिनीला ओढून सोडलं, म्हणजे लूपला खालून चढायला लावलं. काउंटर ३८.१ वर येऊन थांबला. वरून उतरताना वर अडकतो, खालून चढताना खाली अडकतो. डिव्हायडरचा दोष असा दोन्हीकडून सममित नसतो. त्या संध्याकाळी डिव्हायडरचा नाद सोडला.

आंधळा वेळ

रीसेट चालू असताना पीएफडी आंधळा असतो. त्या वेळात आलेली कडा त्याच्या लेखी आलेलीच नसते. एसटी स्थानकातला वाहतूक नियंत्रक नोंदवहीत एका गाडीची वेळ लिहायला मान खाली घालतो, तेवढ्यात दुसरी गाडी फलाटाला लागून निघून जाते, तसं. गाड्या तासाला दोन असतील तर काही बिघडत नाही. मिनिटाला दोन असतील तर नोंदवही खोटी होते.

समजा फीडबॅक किंचित वेगात आहे. तर तो दर सायकलला संदर्भाच्या थोडा अधिक पुढे सरकतो, डाउनचे पल्स रुंदावत जातात, हे योग्यच. पण पुढे सरकत सरकत एक वेळ अशी येते की फीडबॅकची पुढची कडा आधीच्या रीसेटच्या आत पडते. ती हरवते. पीएफडी जागा होतो तेव्हा त्याच्यासमोर पहिली येते ती संदर्भाची कडा, आणि तो समजतो की संदर्भच पुढे आहे. अप वर जातो. आता पूर्ण फेरा संपेपर्यंत चुकीच्या दिशेचे पल्स येत राहतात.

फरक छोटा असताना एका पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली तर उत्तर फार साधं येतं: निव्वळ ओढ ही अर्धा कालावधी वजा रीसेटचा वेळ, या वजाबाकीच्या प्रमाणात असते. रीसेट शून्य असेल तर पूर्ण ओढ. रीसेट अर्ध्या कालावधीइतका झाला की ओढ शून्य. त्याहून जास्त झाला की ओढ उलटी.

आता आमचे आकडे ठेवून पाहा. ६२५ मेगाहर्ट्झचा कालावधी १,६०० पिकोसेकंद, अर्धा ८००. खोलीच्या तापमानाला रीसेट ५२०. ओढ उरते पूर्ण ओढीच्या जेमतेम एक तृतीयांश. लॉक व्हायला इतका वेळ का लागत होता याचं उत्तर इथे आहे. कपॅसिटरचा त्यात काही दोष नव्हता.

थंडीचं कोडंही इथेच सुटलं. उंच थ्रेशोल्डच्या ट्रान्झिस्टरला पुरवठा कमी असेल तर थंडी मानवत नाही. तापमान उतरलं की इलेक्ट्रॉनांची चाल सुधारते हे खरं, पण थ्रेशोल्ड व्होल्टेजही वाढतं. पुरवठा आणि थ्रेशोल्ड यांतलं अंतर मुळातच कमी असलं तर त्या वाढीचा फटका चालीतल्या फायद्यापेक्षा मोठा ठरतो. बाकी चिप साध्या थ्रेशोल्डची होती, तिला हे जाणवलं नाही. ही सहा इन्व्हर्टरची साखळी तेवढी गारठली. त्या कोपऱ्यात, म्हणजे मंद सिलिकॉन, १.०८ व्होल्ट, उणे ४० अंश, लेआउटमधून काढलेल्या सिम्युलेशननं रीसेटचा वेळ ८४० दाखवला. ८०० च्या पलीकडे.

पण मग लूप टोकाला का जात नाही? ओढ उलटी झाली तर तो पळतच सुटायला हवा. हे कागदावर मांडायला मला एक रात्र लागली. फ्रिक्वेन्सी लांब असेल तर दर सायकलला फेज मोठ्या ढांगा टाकते, चुकीचा पट्टा एका-दोन ढांगांत ओलांडला जातो आणि एकूण ओढ योग्य दिशेलाच राहते. जवळ आल्यावर ढांगा लहान होतात, चुकीच्या पट्ट्यात पीएफडी जास्त सायकली रेंगाळतो, आणि एका ठिकाणी दोन्ही ओढी समसमान होतात.

फीडबॅकचा कालावधी १,५२० धरा. ढांग ८० पिकोसेकंदांची. कडा हरवायला लागते ती १,५२० वजा ८४०, म्हणजे ६८० च्या पुढे. म्हणून डाउनचे पल्स ८०-८० नं वाढत साधारण ७२० पर्यंत जातात. मग कडा हरवते, अपचे पल्स सुरू होतात, तेही साधारण ७२० पासून, आणि ८०-८० नं उतरत शून्याला येतात. जेवढं ओढलं तेवढंच परत ओतलं. त्याहून दूर गेलं तर ओढ आत, त्याहून जवळ आलं तर ओढ बाहेर. म्हणजे हा स्थिर मुक्काम आहे, आणि खरा लॉक त्याच्या पलीकडे.

१,५२० पिकोसेकंद म्हणजे ६५७.९ मेगाहर्ट्झ. भागिले १६, ४१.१. हाच हिशोब खालच्या बाजूनं केला तर फीडबॅकचा कालावधी १,६४० येतो, म्हणजे ३८.१. पहाटे दोन्ही आकडे काउंटरच्या आकड्यांशेजारी लिहिले तेव्हा मी बराच वेळ वहीकडे नुसता पाहत बसलो होतो. या क्षेत्रात मोजलेलं आणि मांडलेलं इतकं चोख क्वचितच जुळतं.

टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन फॅबला पाठवण्याच्या, आधी हे का दिसलं नाही? लेआउटमधून काढलेलं पूर्ण पीएलएलचं सिम्युलेशन फार वेळ खातं. म्हणून आम्ही कंट्रोल व्होल्टेज ०.६ व्होल्टवर ठेवून, म्हणजे जवळजवळ लॉकच्या दारातून, सुरुवात करत होतो. तिथून फेज शून्याच्या जवळच राहते, कडा कधी रीसेटमध्ये पडतच नाही, आणि सगळं गोड दिसतं. मंद कोपराही आम्ही गरम तापमानालाच चालवला होता.

पर्याय

ग्राहकाचे बोर्ड तयार होते आणि ते चिपची वाट पाहत होते. त्यांची उपकरणं उघड्यावरच्या टेलिकॉम कॅबिनेटमध्ये बसणार असल्यामुळे ‘उणे ४० ऐवजी उणे १० चालेल का’ हा प्रश्न विचारला त्याच फोनवर निकालात निघाला.

पहिला पर्याय संदर्भ अर्धा करण्याचा. इनपुटला जुन्या पिढीतून आलेला २ नं भागणारा ब्लॉक होता आणि डिव्हायडर १६ वर नेता येत होता. दोन्ही रजिस्टरमधून. ३१२.५ मेगाहर्ट्झचा कालावधी ३,२०० पिकोसेकंद, त्यात ८४० म्हणजे चौथ्या हिश्श्याला थोडं वर, ओढ योग्य दिशेला भरपूर. किंमत ३ डेसिबल नॉइज, म्हणजे कमावलेल्या सहातले निम्मे परत.

दुसरा पर्याय माझ्या वरिष्ठांना आवडला होता: चालू होताना कंट्रोल व्होल्टेज मधोमध आणून सोडायचं. शून्याजवळ पीएफडी निर्दोष आहे, मग दारातूनच आत पाठवू. “रजिस्टरचं काम आहे, मास्क बदलावा लागत नाही, का नको?” असं त्यांनी विचारलं. (मास्क म्हणजे चिपचे थर छापण्याचे साचे.) मी म्हटलं, “सर, चालू होताना आपण हात धरून आत नेऊ. पण चालू असताना संदर्भ क्षणभर गेला आणि परत आला, तर हात धरायला कोण असणार?” कॅबिनेटमध्ये संदर्भ एका केबलवरून दुसऱ्या केबलवर बदलला जातो. त्या क्षणी व्हीसीओ कुठे भरकटेल याची हमी देता येत नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग नको.” या पर्यायात चूक बरी होत नव्हती, फक्त तिच्यापर्यंत जायची वाट बंद होत होती, आणि तीही एकाच बाजूनं.

तिसरा पर्याय रीसेटची साखळी छोटी करण्याचा, फक्त धातूचे थर बदलून. इथे डेड झोन परत येण्याची भीती होती, आणि ती टीप लिहिणाऱ्या ज्येष्ठांनी ती बोलूनही दाखवली. त्यांचा आक्षेप रास्त होता: किती छोटी केली म्हणजे फार छोटी?

चौथा पर्याय पीएफडीच नवा घेण्याचा. डायनॅमिक लॉजिकचे पीएफडी असतात, त्यात गेट कमी आणि रीसेटची वाट आखूड. कडा हरवू न देता ती रीसेट संपेपर्यंत थोपवून धरणाऱ्या रचनाही आहेत. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चांगला पर्याय होता, पण पूर्ण मास्क, नवा लेआउट आणि कित्येक महिने. त्या टप्प्यावर ते परवडणारं नव्हतं.

कृती

ठरलं असं की पहिला पर्याय लगेच द्यायचा, बोर्ड उभे राहू दे, आणि समांतर तिसऱ्यावर काम करायचं.

ज्येष्ठांच्या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. चार्ज पंपाचे स्विच पूर्ण उघडायला किती वेळ लागतो तो प्रत्येक कोपऱ्यात मोजला. सगळ्यात मंद कोपऱ्यात १५० पिकोसेकंद, सगळ्यात चपळ कोपऱ्यात ७०. म्हणजे अप-डाउन एकत्र राहण्याचा वेळ त्या-त्या कोपऱ्यात याच्या दुपटीच्या वर हवा, आणि सगळ्यात वाईट कोपऱ्यातही १,६०० च्या चौथ्या हिश्श्यात, म्हणजे ४०० मध्ये बसायला हवा. या दोन भिंतींमध्ये जागा होती, पण फार नव्हती.

खरी सुधारणा साखळीच्या लांबीपेक्षा तिच्या जातीत होती. शेजारी साध्या थ्रेशोल्डचे काही राखीव गेट पडून होते, दुरुस्तीसाठी ठेवतात तसे. रीसेटची वाट सहा गारठणाऱ्या इन्व्हर्टरमधून न नेता त्या राखीव गेटमधून नेली. चार्ज पंपाचे स्विचही साध्या थ्रेशोल्डचेच. त्यामुळे थंडीत दोघं सारखेच बदलतात, उन्हात दोघं सारखेच. उशीर ज्याच्यासाठी घालायचा, त्याच्याच जातीच्या ट्रान्झिस्टरचा घालायचा, एवढी ही गोष्ट. नवा रीसेट नेहमीच्या परिस्थितीत २४० पिकोसेकंद, मंद कोपऱ्यात ३७०, चपळ कोपऱ्यात १६०.

सिम्युलेशन या वेळी दोन्ही टोकांपासून चालवली, वरून आणि खालून, आणि मंद कोपरा थंडीतही. सर्व्हर रात्रंदिवस अडकून पडले, इतर गटांची बोलणी खाल्ली.

निष्पत्ती

सुधारित चिप परत आली. आधी नापास झालेल्या परिस्थितीत प्रत्येक चिप हजार वेळा चालू-बंद केली. सगळ्या वेळा लॉक. चालू असताना संदर्भ काही मायक्रोसेकंद तोडून पुन्हा जोडण्याची चाचणी नव्यानं घातली, तीही पार पडली.

डेड झोनची तपासणी मी ज्येष्ठांसमोरच केली. कंट्रोल टोकातून बाहेरून अगदी बारीक करंट ओढायचा आणि आउटपुटची फेज किती सरकते ते पाहायचं. डेड झोन असेल तर करंट इकडून तिकडे जाताना फेज शून्यापाशी एकदम उडी मारते. आलेखावर सरळ रेष आली, थंडीत, खोलीत आणि ८५ अंशांना. त्यांनी चष्मा काढून रेष जवळून पाहिली आणि “ठीक आहे” एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे फार मोठं प्रशस्तिपत्र.

एक लाभ न मागता मिळाला. अप आणि डाउन दोन्ही चालू असतात तेवढ्या वेळात चार्ज पंपाचा नॉइज फिल्टरमध्ये शिरतो. तो वेळ निम्म्याहून कमी झाल्यामुळे पंपाचा वाटा हिशोबानं ३ डेसिबलच्या वर घसरला, आणि एकूण नॉइज मोजल्यावर साधारण २ डेसिबल सुधारलेला दिसला. संदर्भाचे स्परही, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या नको असलेल्या रेषाही, खाली आले, कारण दोन्ही करंटमधला फरक कमी वेळ उघडा राहतो.

पहिल्या खेपेच्या चिप मात्र ३१२.५ वरच राहिल्या. काही बोर्डांचा जिटर मूळ करारापेक्षा जास्त भरला आणि ग्राहकानं ते प्रयोगशाळेपुरते ठेवले. ते नुकसान भरून आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जुना ब्लॉक उचलताना आम्ही रीसेटचा वेळ पिकोसेकंदांत पाहिला, म्हणून तो बदललेला दिसलाच नाही. ५२० होता, ५२० राहिला. कालावधीच्या हिश्श्यात पाहिला असता तर ८ टक्क्यांवरून ३२ वर गेलेला दिसला असता, आणि कुणीतरी नक्की विचारलं असतं. विकत मिळणाऱ्या सिंथेसायझर चिपच्या डेटाशीटमध्ये पीएफडीची कमाल फ्रिक्वेन्सी आणि रीसेटच्या उशिराचा हा पल्स शेजारी-शेजारी दिलेला असतो. एडीएफ४१०६ मध्ये तर तो रजिस्टरमधून निवडता येतो, १.३, २.९ किंवा ६ नॅनोसेकंद, आणि १०४ मेगाहर्ट्झची मर्यादा २.९ च्या निवडीशी बांधलेली आहे. मी ती डेटाशीट अनेकदा वाचली होती. ते दोन आकडे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे आमचा स्वतःचा पीएफडी अडेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. तशी निवड आमच्या साखळीतही ठेवली असती तर रजिस्टर बदलून प्रश्न सुटला असता आणि मास्कचा खर्च वाचला असता. आता ठेवतो.

दुसरं, लॉकच्या वेळेचं. हिशोबाच्या दुपटीहून जास्त वेळ लागत होता तेव्हा खोलीच्या तापमानालाच संदर्भ थोडा वर-खाली करून पाहायला हवा होता. संदर्भ वाढवत नेल्यावर लॉकचा वेळ आणखी ताणला गेला असता, आणि थंड चेंबरमध्ये जाण्याआधीच कारण हाती आलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते एका ओळीत मिटवलं. कपॅसिटरबद्दलचं माझं वाक्य लॉगबुकात अजून आहे, मी ते खोडलेलं नाही.

डिव्हायडरवर घालवलेल्या दोन दिवसांबद्दल मात्र मला पश्चात्ताप नाही. त्या माहितीवर तो संशय बरोबरच होता. स्पेक्ट्रम पहिल्याच दिवशी लावायला हवा होता, एवढं खरं. काउंटर सरासरी सांगतो, आणि आमचा आजार सरासरीतच लपलेला होता.

सध्या पुढच्या चिपसाठी संदर्भ १.२५ गिगाहर्ट्झचा मागितला आहे. कालावधी ८०० पिकोसेकंद, चौथा हिस्सा २००. मंद कोपऱ्यातले ३७० तिथे बसत नाहीत. म्हणून चौथा पर्याय आता टेबलावर आहे. डायनॅमिक पीएफडीचा लेआउट त्याच सहकारी करताहेत, आणि पहिलं सिम्युलेशन उणे ४० अंशांवर, कंट्रोल व्होल्टेज वरच्या टोकाला ठेवून, काल रात्री लावलंय.